ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर खातात, कायमचा बंदोबस्त काय?

बांधकरी: रब्बीची पेरणी उरकली की ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र शेडमध्ये उभं राहतं. त्याच शेडमध्ये कडबा आणि सरकी पेंडीची पोती. बॉनेटखाली घरटं झालंय, हेडलाइटच्या वायरी कुरतडल्यात. डांबरगोळ्यांचा उपयोग शून्य. घरात मांजर-कुत्रा आहे, त्यामुळे विष नको वाटतं.

तारजोड्या: नुसती चिकटपट्टी गुंडाळून चालवू नका. इंजिनच्या उष्णतेने ती सुटते, सांध्यात ओल शिरते आणि तांबं हिरवं पडतं. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. खराब तुकडा दोन्हीकडून चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा, तेवढ्याच जाडीची वायर जोडून सोल्डर करा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून तांब्याची तार लावणारे महाभाग असतात. मग फ्यूजऐवजी हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) जळतो. प्लॅस्टिकची घड्यांची नळी घासण्यापासून वाचवते, दातांपासून नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजवायला तो काहीही कुरतडतो. नेहमी कुरतडतात त्या जागी लोखंडी फ्लेक्सिबल पाइप चढवा. टोकांना रबरी बूच हवंच, नाहीतर पाइपची धारच वायर कापते.

शेडवाला: मूळ दुखणं कडबा आणि पेंड. ती दुसरीकडे हलवल्याशिवाय बाकी सगळं वरवरचं. मळणीयंत्र ठेवण्याआधी रिकामं फिरवून झाडून घ्या. चाळणीखाली मूठभर दाणे राहिले तरी वस्ती होते. पट्टे काढून खुंटीला नको, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. फटी 6 मिमीच्या जाळीने बंद करा. कोंबड्यांची जाळी कुचकामी, लहान उंदीर आरपार जातो. दाराच्या खालच्या कडेला पत्रा ठोका.

ट्रॅक्टर उभा असताना बॉनेट उघडंच ठेवा. त्यांना अंधार आणि आडोसा हवा असतो. सायलेन्सरच्या तोंडावर रिकामा डबा पालथा घाला आणि आठवणीसाठी स्टिअरिंगला लाल चिंधी बांधा. सुरू करण्याआधी सायलेन्सरजवळचा आणि एअर क्लिनरमधला पालापाचोळा काढायचाच, नाहीतर तो पेटतो. घरटं कोरडं झाडू नका. लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. हातमोजे घाला, ब्लीचच्या पाण्याने भिजवा, मग उचला.

कोठीवाला: मांजर असेल तर झिंक फॉस्फाइड हे उंदराचं विष नकोच. पोटातल्या आम्लाने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. शिवाय थोडं खाऊन बचावलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाकडे फिरकत नाही. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषाच्या वड्यांवर जीवनसत्त्व के-1 हा उतारा आहे, पण उंदीर काही दिवसांनी मरतो आणि मेलेला उंदीर खाऊन मांजर, घुबडही बाधित होतं.

चाप लावा. भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे, दोन-तीन मीटरवर एक. उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो. आमिष भजी किंवा सुकं खोबरं. पहिल्या दोन-तीन रात्री चाप न ताणता नुसतं खाऊ द्या, तिसऱ्या-चौथ्या रात्री सगळे एकदम ताणा. मांजर अडकू नये म्हणून चापावर दोन विटांवर फरशी. आवाजाने उंदीर पळवणाऱ्या यंत्रावर पैसे घालू नका, थोड्याच दिवसांत सवय होते.

बांधकरी: आणि विहिरीवरची मोटारीची स्टार्टर पेटी? आत शिरतात.

तारजोड्या: केबलच्या भोकाला ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) बसवा, जास्तीची भोकं पत्र्याने बंद करा. हात घालण्याआधी मेन स्विच पाडा आणि टेस्टरने तिन्ही फेज तपासा.