डॉकिंग आणि बर्थिंग: दोन्हींना 'जोडणी'च म्हणायचे?

बोरूबहाद्दर: ॲक्सिअम-४ या खासगी मोहिमेवरचा (शुभांशु शुक्ला जिच्यातून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले) लेख मराठीत आणताना एका वाक्यापाशी गाडी अडली आहे. मुळात आहे, 'सिग्नसचे बर्थिंग होते, ड्रॅगनचे डॉकिंग.' सिग्नस हे मालवाहू यान, ड्रॅगन हे माणसे नेणारेही. संपादकांनी दोन्हींकडे 'जोडणी' घातली. आता वाक्य असे: सिग्नसची जोडणी होते, ड्रॅगनची जोडणी. वेगळे शब्द सुचवा.

कर्कवृत्त: फरक साधा आहे. डॉकिंगमध्ये यान स्वतःच्या बळावर येऊन भिडते. बर्थिंगमध्ये ते स्थानकापासून साधारण १० मीटरवर थांबते, स्थानकाचा १७.६ मीटर लांबीचा यांत्रिक बाहू, कॅनडार्म-२, त्याला पकडून दारापाशी नेतो आणि मग १६ बोल्ट आवळतात. २०१२ चे मालवाहू ड्रॅगन असेच पकडून लावले होते. आताचे स्वतः लागते. बर्थिंगने लावलेले यान सोडवायलाही बाहू हवा, त्यात तास जातात. आणीबाणीत माणसांना तेवढी सवड नसते, म्हणून त्यांच्या यानाला डॉकिंगच. बर्थिंगचा फायदा दाराचा: सव्वा मीटरचे चौकोनी दार, उपकरणांचे अख्खे कपाट आत जाते. डॉकिंगचा मार्ग जेमतेम ८० सेंटिमीटर व्यासाचा.

पोटफोड्या_ष: उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे की! 'लागणे' आणि 'लावणे'. बोट धक्क्याला लागते, क्रेनने आणली तर लावतात. ड्रॅगन लागले, सिग्नस लावले. नवा शब्द पाडायची गरजच नाही.

आडकित्ता: आणि 'मला यान लागते' म्हणजे काय? गाडी लागते, बोट लागते, तसेच ना? अंतराळात जाणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांना पहिले दोन-तीन दिवस मळमळते. मथळ्यात 'शुक्लांचे यान लागले' छापा, म्हणजे वाचक लिंबू-आले घेऊन धावतील.

पोटफोड्या_ष: 'स्थानकाला लागले' लिहा, घोळ मिटला. मळमळ माणसाला लागते, स्थानकाला नाही.

संज्ञासिद्धी: बोलीतली क्रियापदे परिभाषेत चालत नाहीत, नाम लागते. 'संलग्नन' आणि 'संस्थापन' घ्या. डॉकिंगच्या पहिल्या टप्प्याला, सॉफ्ट कॅप्चरला 'मृदुग्रहण', दुसऱ्याला, हार्ड कॅप्चरला 'दृढग्रहण'.

आडकित्ता: मृदुग्रहण! खंडग्रास की खग्रास?

कर्कवृत्त: हसण्यावारी नेऊ नका, त्या दोन टप्प्यांना खरेच शब्द हवेत. २६ जून २०२५ ला शुक्लांचे 'ग्रेस' हे ड्रॅगन यान भारतीय वेळेनुसार दुपारी ४:०१ ला स्थानकाच्या हार्मनी या कक्षाच्या वरच्या दाराला भिडले, तो सॉफ्ट कॅप्चर. यानाचे कडे पुढे आलेले असते, त्यावरच्या तीन पाकळ्या समोरच्या कड्यात बसतात, खिट्ट्या अडकतात. भिडताना वेग सेकंदाला १० सेंटिमीटरच्या आसपास, तरी यान किंचित डुलते. ते डुलणे जिरले की कडे आत ओढले जाते आणि १२ आकडे घट्ट आवळतात, तो हार्ड कॅप्चर. आकडे लागल्यावरही दार लगेच उघडत नाहीत. दोन दारांमधल्या पोकळीत हवा भरून गळती तपासतात. रबरी सीलवर केस किंवा कचरा आला तरी हवा निसटू शकते. त्या दिवशी दार उघडायला सुमारे पावणेदोन तास गेले. 'अडकणे' आणि 'आवळणे' हे शब्द मला पुरेसे वाटतात.

गोदीकर: डॉकला 'गोदी' आहेच. 'गोदीत घेणे' का नको? गोद म्हणजे मांडी, स्थानकाने यानाला मांडीवर घेतले.

पोटफोड्या_ष: ही व्युत्पत्ती ओढूनताणून वाटते. शिवाय गोदीत जहाज आत शिरते. इथे यान बाहेरच राहते, फक्त तोंडाला तोंड. धक्काच बरा. भाऊच्या धक्क्यावर लाँच लागते, तसे.

आडकित्ता: धक्क्याला लागायचे, पण धक्का न लागता. छान.

संज्ञासिद्धी: मग 'अँड्रोजिनस' सांध्याला काय म्हणाल? सोयूझच्या पुढे दांडा आणि स्थानकावर शंकू, ती नर-मादी जोडी. इस्रोने १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्स या डॉकिंग-चाचणीचे दोन उपग्रह जोडले, त्यांचे सांधे दोन्हीकडे सारखे. 'उभयलिंगी' हाच अचूक शब्द.

कर्कवृत्त: 'सारखा सांधा' म्हटले की फिटरलाही कळते.

गोदीकर: फिटरसाठी लेख नाही. बरे, शुक्ला 'अंतराळवीर' की 'गगनयात्री'? तिकीट काढून जाणाराही वीर?

पोटफोड्या_ष: त्यांच्या जागेचे पैसे भारत सरकारने भरले होते आणि ते यानाचे पायलट होते. वीरच.

संज्ञासिद्धी: 'अंतराळ' हाच शब्द मुळात चुकीचा. अंतराल म्हणजे मधली जागा. 'अवकाश' म्हणा.

आडकित्ता: अवकाश म्हणजे सवडसुद्धा. अवकाशवीर म्हणजे रिकामटेकडा.