ऊरपटावर 12 रत्नं, मग खांद्यांवर पुन्हा नावं का?

पुणेकर_योना: बायबलमधलं निर्गम 28 वाचतोय. मुख्य याजक अहरोनाच्या ऊरपटावर (छातीवरच्या पट्टावर) 4 ओळींत 12 रत्नं, त्यांवर इस्राएलच्या वंशांची नावं. चर्चचे पाळक म्हणतात, हे पुढे येणाऱ्या ख्रिस्ताचं चित्र. मग खांद्यांवरच्या 2 रत्नांवर पुन्हा तीच नावं कशाला?

वसईची_मावशी: खांद्यावर भार, काळजावर माया. मला मात्र लेवीय 16 जास्त भिडतं. प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक भरजरी पोशाख सोडून साध्या तागाच्या कपड्यांत परमपवित्रस्थानात, म्हणजे उपासनेच्या तंबूतल्या सर्वांत आतल्या खोलीत जातो. ख्रिस्ताची नम्रता मला तिथे दिसते, रत्नांत नाही.

शंकेखोर: त्या खोलीपुढचा पडदा, अंतरपट, म्हणजे ख्रिस्ताचा देह, हे इब्री 10:20 मध्ये स्पष्ट लिहिलंय. मान्य. पण मंडपाच्या, म्हणजे त्या तंबूच्या प्रत्येक मेखेत ख्रिस्त शोधणं ओढूनताणून वाटतं.

पुणेकर_योना: पुढच्या रविवारचा उपदेश मेखांवरच आहे हो!