पिंजऱ्यातली अंडी, गावरान अंडी आणि महिन्याचा हिशेब : तुमचे अनुभव सांगा

पुणे, दोन शाळकरी मुलांची आई

आमच्या घरात चौघं, आणि महिन्याला तीसचे चार ट्रे अंडी लागायची. डब्यात भुर्जी-पोळी, रविवारी अंडाकरी, रात्री उशीर झाला की आम्लेट. इतकी वर्षं दुकानात भावाशिवाय काही विचारलं नव्हतं. मार्गशीर्षात नात्यातल्या लग्नाला गावी गेलो, तिथे शेजारच्या शेतात लेयर, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांची, पोल्ट्री होती. मुलीनं हट्ट धरला आणि मालकांनी मोकळेपणानं आत नेलं. तारेचे तीनमजली पिंजरे. खालची जाळी पुढे उतरती, म्हणजे घातलेलं अंडं घरंगळत बाहेर येतं. एकेका पिंजऱ्यात चार कोंबड्या, पंख पसरायला जागा नाही, मानेवरची पिसं जाळीला घासून गेलेली. परतताना मुलीनं विचारलं, "आई, ह्या जमिनीवर कधी उतरतात?" मी मालकांनाच विचारून घेतलं होतं. अंडी कमी झाली की विकायला काढतात, तेव्हाच.

घरी येऊन वहीत हिशेब मांडला. नेहमीचं अंडं ७ रुपयांना, मॉलमधलं 'पिंजरामुक्त' १८ ला. १२० अंड्यांचे ८४० की २,१६०? मधला फरक मुलाच्या शाळेच्या व्हॅनइतका आहे, तो मला झेपत नाही. म्हणून आता महिन्याला ७० अंडी आणते. त्यातली ४० भाजीवाल्या मावशींच्या गावाकडची, १२ रुपयांनी. उरलेली ३० नेहमीच्या ट्रेची. ६९० रुपयांत भागतं, पण डब्यात अंडं आठवड्यातून दोनदाच जातं, आणि धाकटा रोज विचारतो. तुम्ही कसं बसवता? दुकानात काय बघून घेता?

सातारा जिल्हा, घरच्या कोंबड्या

ताई, गावरान अंड्याला १२ रुपये जास्त वाटतात, पण आमच्या बाजूनं बघा. माझ्याकडे १४ कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पोल्ट्रीतली तीनशेच्या वर. दहा-पंधरा अंडी घातली की आमची खुडूक होते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते, मग तिच्याखाली अंडी ठेवली की २१ दिवस जागची हलत नाही. पिल्लं निघाली की घार, मुंगूस आणि कावळा टपलेलेच. मागच्या पावसाळ्यात बारा पिल्लांतली चार वाचली. मानमोडी (राणीखेत रोग) आली तर अख्खं खुराडं रिकामं होतं, म्हणून लासोटा लशीचा थेंब डोळ्यात घालावाच लागतो. दाणा मी थोडा घालते. बाकी दिवसभर उकिरडा, गोठा आणि शेताचा बांध उकरून त्या आपलं पोट भरतात.

व्यापारी माझ्याकडून ८ रुपयांनी नेतो. शहरात त्याचे १५ होतात असं भाचा सांगतो. मधले सात रुपये ना कोंबडीला मिळतात ना मला. तुम्ही थेट घेतलंत तर १० ला देऊनही मला दोन रुपये जास्त मिळतील.

डोंबिवली

मला फसवणुकीबद्दल सांगायचंय. वर्षभर स्टेशनबाहेरून 'गावरान' म्हणून १४ रुपयांनी अंडी घेत होतो. एकदा उकडायला ठेवली तर पाणी चहासारखं झालं आणि अंडी पांढरी! पोल्ट्रीची अंडी चहाच्या पाण्यात रंगवलेली होती. तेव्हापासून लिंबाचा रस लावलेल्या फडक्यानं एक अंडं तिथेच पुसून बघतो, विक्रेता रागावला तरी चालेल.

पण त्याहून मोठी गोष्ट मला नंतर समजली. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. तपकिरी अंड्याची कोंबडीही पिंजऱ्यात असू शकते. बलकाचा गडद रंग चाऱ्यातून येतो, मका किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घातला तरी येतो. म्हणजे रंगावरून कोंबडी कशी जगली हे कळत नाही. पैसे रंगाला देऊ नका.

नाशिक जिल्हा, पोल्ट्री व्यावसायिक

माझे ८ हजार पक्षी पिंजऱ्यात आहेत, त्यामुळे हे लिहिणं मला सोपं नाही. रोजचा भाव एनईसीसी (राष्ट्रीय अंडी समन्वय समिती) जाहीर करते, तो मी ठरवत नाही. खर्चाचा मोठा वाटा खाद्याचा. मका आणि सोयापेंड महागली की अंड्यामागे पन्नास पैसेसुद्धा सुटत नाहीत. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू सापडला तेव्हा वडिलांची पोल्ट्री होती. आमच्याकडे एकही पक्षी आजारी नव्हता, तरी गिऱ्हाईक नाही म्हणून अंडी खड्ड्यात पुरली. त्या कर्जाची आठवण अजून घरात आहे.

तरीही दोन वर्षांपूर्वी ५०० पक्षी खाली सोडले. जमिनीवर भाताच्या तुसाचा थर, बसायला दांड्या, अंडी घालायला खोकी. पहिले तीन महिने वाईट गेले. पक्षी एकमेकांना टोचायचे, अंडी कोपऱ्यात घालायचे, ती विष्ठेनं माखायची. पिंजऱ्यात विष्ठा खाली पडते, अंडं स्वच्छ राहतं, हा त्याचा खरा फायदा आहे. मग गर्दी कमी केली, खोक्यांत अंधार केला, पालकाच्या जुड्या टांगल्या, तेव्हा टोचणं थांबलं. तुसात अंग घुसळून धुळीची अंघोळ करणारी कोंबडी मी या धंद्यात पहिल्यांदा पाहिली. त्यांची अंडी साडेनऊला देतो आणि गावातली चाळीस घरं कायमची गिऱ्हाईकं आहेत. आणखी साठ घरं मिळाली तर पुढची बॅच खालीच सोडेन. मॉलच्या १८ रुपयांत खोकं, जाहिरात आणि वाहतूक आहे. कोंबडीच्या सुखाला एवढे पैसे लागत नाहीत.

श्टुटगार्ट, मूळची कोल्हापूरची विद्यार्थिनी

इथे प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो. ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे बाहेर फिरणारी कोंबडी, २ म्हणजे शेडमध्ये मोकळी, ३ म्हणजे पिंजरा. युरोपीय संघात जुन्या पद्धतीचे, दांडी-खोकं काहीच नसलेले पिंजरे २०१२ पासून बंद झाले, आणि जर्मनीत नर पिल्लं जन्मताच मारण्यावर २०२२ पासून बंदी आहे. हे नर पिल्लांचं प्रकरण मला इथे येईपर्यंत माहीतच नव्हतं. अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसासाठी भरतही नाही, म्हणून त्याला जगवत नाहीत.

शिष्यवृत्तीत मला ० शिक्क्याची अंडी परवडत नाहीत. मी २ शिक्क्याची घेते, महिनाअखेरीला अंडीच घेत नाही, मसूर खाते. केक, शेवया, बिस्किटं यांतल्या अंड्यावर शिक्का कुठून दिसणार? म्हणून तयार केक सोडला. भारतात विधी आयोगानं २०१७ मध्ये लेयर कोंबड्यांच्या पिंजऱ्यांवर अहवाल देऊन नियमांचा मसुदा सुचवला होता. आईच्या हातात शिक्का असलेलं अंडं कधी येईल, असं इथे दुकानात उभं राहून दर वेळी वाटतं.

नांदेड

मी चार घरी धुणीभांडी करते, हे मुलीकडून लिहून घेतेय. डॉक्टरांनी धाकट्या पोराला रोज एक अंडं सांगितलंय. त्याचं वजन भरत नाही. ७ रुपयांत एवढं सकस दुसरं काय मिळतं? तडकलेली अंडी ५ ला मिळतात, ती त्याच दिवशी उकडून टाकते. कोंबडीचं मलाही वाईट वाटतं, माझ्या आईकडे कोंबड्या होत्या. पण पोराचं अंडं मी कमी करणार नाही.

पुणे

ताई, अजिबात कमी करू नका. कमी करायचं ते माझ्यासारखीनं, जिच्या घरात दूध, डाळ, पनीर सगळं आहे. मोठ्यांचं आम्लेट आम्ही बेसनाच्या पोळ्यावर आणलं, मुलांची अंडी ठेवली.

साताऱ्याच्या ताई, आमच्या सोसायटीत सहा घरं तयार आहेत, दर पंधरवड्याला ९० अंडी लागतील. चौदा कोंबड्यांत जमेल का? आणि एवढ्या लांब फुटणार नाहीत ना?

सातारा जिल्हा

एकटीच्यानं नाही जमणार. जावेच्या नऊ आणि शेजारच्या काकूंच्या वीस कोंबड्या धरल्या तर जमेल, उन्हाळ्यात मात्र कमी पडतील, ते आधीच सांगते. पत्र्याच्या डब्यात भाताच्या तुसाचा थर, वर अंडी, परत तूस, असं भरलं की फुटत नाहीत. आमच्या गावातून स्वारगेटला सकाळची एसटी आहे, भाऊ दर रविवारी त्याच गाडीनं येतो. रिकामा डबा आणि तूस तेवढं त्याच्याबरोबर परत पाठवा.