आपल्या लहानपणीच्या टीव्ही गेमला इतिहासात जागा नाही म्हणे!

सातपूरचा भिडू
परवा इथेच एकाने ठोकून दिलं, "भारतात कन्सोलचा, म्हणजे गेम खेळायच्या मशीनचा, इतिहास सोनीच्या प्लेस्टेशन २ (पीएस२) पासून धरावा. त्याआधीचे सगळे नकली डबे. त्यांचे गोडवे गाणं हे अज्ञान." तेव्हापासून डोकं फिरलंय.

निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम हा कन्सोल १९८३ ला जपानात आला तेव्हा त्यात नकली कॅसेट अडवणारी चिपच नव्हती. ती आली १९८५ ला अमेरिकेत निघालेल्या त्याच्या आवृत्तीत, एनईएसमध्ये. म्हणून जगभर, आपल्या डब्यांतही, नक्कल झाली ती फॅमिकॉमची, त्याच्या ६० पिनांच्या कॅसेटसकट. तैवानात त्या नकलांच्या चिपा बनल्या. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या, पाल पद्धतीच्या टीव्हीवर जपानी गेम चालावेत म्हणून चित्राची चिप तर वेगळी केली. हे अडाण्यांचं काम आहे? नाशिकच्या रविवार कारंजावरून वडिलांनी आणलेल्या त्या डब्यावर मी आणि ताई कॉन्ट्रा खेळलो. तो आमचा कन्सोल होता, आणि त्याला नकली म्हणून उडवून लावलेलं मी ऐकून घेणार नाही.

गंगापूर रोडकर
ते वाक्य माझं आहे आणि त्यावर मी ठाम आहे. तुमच्या कॅसेटचा एक रुपया तरी मारिओ बनवणाऱ्या मियामोतोंपर्यंत पोचला का? झेरॉक्सवाल्याला कुणी प्रकाशक म्हणत नाही. माझ्या मामाने मस्कतहून गेम बॉय, निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा कन्सोल, आणला होता. ओरिजिनल. चार पेन्सिल सेल टाकायचे, लाइट गेली की तुमचे डबे बंद आणि मी मजेत खेळत बसायचो.

प्रेस कॉलनी, ना. रोड
लाइट गेल्यावर गेम बॉय? त्याच्या पडद्याला उजेडच नव्हता हो! संध्याकाळी काय दिसायचं?

गंगापूर रोडकर
मेणबत्तीजवळ बसायचो. मी खोटं बोलतोय का?

पंचवटीकर
म्हणूनच सेगाचा गेम गिअर भारी. रंगीत पडदा, मागून उजेड. माझ्या आतेभावाकडे होता.

प्रेस कॉलनी, ना. रोड
आणि सहा सेल तीन ते पाच तासांत खलास, ते नाही सांगितलं आतेभावाने? गेम बॉय घडवणाऱ्या योकोईंनी त्याला मुद्दाम जुनं, स्वस्त तंत्र वापरलं. त्यामुळेच तो टिकला.

पंचवटीकर
टिकून उपयोग काय, अंधारात दिसत नसेल तर? एकदा उजेड, एकदा सेल. आधी एका बाजूला या.

सिडकोवाली
लोडशेडिंगवर मी बोलते. माझ्या दहावीच्या वर्षी आमच्याकडे रोज लाइट जायची, अभ्यासाचं वाटोळं झालं. तेव्हा भावाकडे गेम बॉय ॲडव्हान्स एसपी होता. २००३ चा, आत दिवा, चार्ज होणारी बॅटरी. मी कंदिलावर भूमिती सोडवतेय आणि हा बाजूला बसून खेळतोय! अजून राग येतो.

पंचवटीकर
म्हणजे दिवा लागतोच. निन्टेन्डोलाही शेवटी बसवावाच लागला.

प्रेस कॉलनी, ना. रोड
बरं, दिव्याचं मानलं. सेलचं मानणार नाही.

सातपूरचा भिडू
सेल पुरे करा. गंगापूर रोडकर, तुमचा पीएस२ तरी किती सोवळा? कॉलेज रोडच्या ज्या पार्लरमध्ये आम्ही तासाचे पैसे देऊन खेळायचो, तिथे प्रत्येक मशीनला कॉपी चालावी म्हणून चिप मारलेली आणि डीव्हीडी कॉपी केलेल्या. तुमच्याच नियमाने तेही वगळा.

गंगापूर रोडकर
चिपा मारल्या, मान्य. पण मशीन सोनीचं होतं. 'अज्ञान' हा शब्द मागे घेतो, त्यापुढे एक पाऊल नाही. गेम बनवणाऱ्यांचे पैसे बुडाले हे त्या इतिहासात लिहावंच लागेल.

सातपूरचा भिडू
लिहा, माझी ना नाही. त्याच डब्याच्या सुटलेल्या पिना डाग देता देता मी सोल्डरिंग शिकलो आणि आज अंबडला पीसीबीचं, म्हणजे सर्किट बोर्डचं, काम करतो, हेही लिहा. आणि तेव्हा नाशकात ओरिजिनल कॅसेट कोणत्या दुकानात मिळायची तेवढं सांगा. आम्ही मेन रोड ते शालिमार पालथं घातलं होतं.