आवडता ब्रिटिश राजकारणी कोण? (शिव्या न देता सांगा प्लीज)

सातारची_पेन्सिल
काल घरी वाद झाला म्हणून विचारतेय. एमपीएससीचा अभ्यास चालू आहे, वाचता वाचता सहज बोलून गेले की मला १९४५ ला ब्रिटनचा पंतप्रधान झालेला ॲटली आवडतो, तर आजोबांनी कप तसाच बशीत ठेवला. त्यांचे थोरले चुलते प्रतिसरकारात होते, कुंडलच्या बाजूला रात्रीअपरात्री भाकऱ्या पोचवायचे, त्यामुळं आमच्या घरात इंग्रज म्हटलं की विषय तिथंच संपतो. म्हणाले, "त्यांच्यात आवडण्यासारखं काय असतंय गं?"

मला का आवडतो ते सांगते. माणूस मुळात कमी बोलायचा. १९४५ ला निवडणूक लागली तेव्हा चर्चिल युद्ध जिंकून बसलेला, आणि हा गडी घरच्या छोट्या गाडीतून प्रचार करत फिरत होता, गाडी चालवायला बायको. निकाल लागला तर मजूर पक्षाला ३९३ जागा! राजाला भेटायला राजवाड्यावर पण बायकोच घेऊन गेली म्हणे. आमच्याकडं ग्रामपंचायतीचा फॉर्म भरायला दहा स्कॉर्पिओ निघतात. आणि पुढं २० फेब्रुवारी १९४७ ला यानेच सांगितलं की जून ४८ च्या आत आम्ही हिंदुस्थान सोडतो.

तुमचा कोण आणि का? आजोबांना वाचून दाखवणार आहे, जरा जपून लिहा.

हळदीचं_पोतं
मार्गारेट थॅचर. आता पडा तुटून माझ्यावर.
आमचं सांगलीत तीन पिढ्यांचं दुकान आहे, म्हणून असेल, पण ती बाई वाण्याची पोरगी होती आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर वाढली हे वाचलं तेव्हाच ती मला आपली वाटली. ऑक्सफर्डला केमिस्ट्री शिकली, आणि ज्या पक्षात सगळे बड्या घरचे पुरुष त्या पक्षाची पुढारी झाली, १९७९ ते १९९० सलग पंतप्रधान. लोकांना काय वाटेल म्हणून शब्द फिरवायची नाही. माझे वडील म्हणायचे गल्ल्यावर बसणाऱ्याला 'नाही' म्हणता आलं पाहिजे, नाहीतर उधारीत दुकान जातं. हिला म्हणता यायचं.

चर्चिल_फॅन_मिरज
एकच वाघ. चर्चिल. विषय कट.

गिरणगाव_ते_खटाव
@चर्चिल_फॅन भावा १९४३ चा बंगालचा दुष्काळ वाच आधी, तीसेक लाख माणसं मेली, आणि याचं मंत्रिमंडळ धान्याच्या जहाजांना नाही म्हणत बसलेलं. वाघ कसला.

@हळदीचं_पोतं दादा तुटून नाही पडत, पण माझं पण ऐका. माझे वडील परळला गिरणीत होते, खटाव तालुक्यातली अर्धी गावं तेव्हा गिरणगावातच होती म्हणा. जानेवारी ८२ ला संप झाला आणि तो कधी संपला असं आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही, वडील ट्रंक घेऊन गावी आले ते आलेच. नंतर त्यांनी परळचं नाव काढलं नाही, फक्त सकाळच्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला जाग यायची ती शेवटपर्यंत येत राहिली. त्यामुळं थॅचरबाईंनी १९८४-८५ ला खाणकामगारांचा वर्षभराचा संप कसा मोडून काढला हे वाचताना मला तिकडच्या माणसांची तोंडं आपल्याच आळीतली दिसतात. ठाम असेल बाई, कोण नाही म्हणतंय, पण ठामपणा कुणावर चालवला ते बघायचं का नाही?

माझा आवडता अन्यूरिन बेव्हन. वेल्समधल्या ट्रेडेगर गावचा, तेराव्या वर्षी खाणीत उतरला. बोलताना अडखळायचा, आणि पुढं पार्लमेंटात त्याच्यासारखा बोलणारा नाही अशी ख्याती. बाप कोळशाच्या धुळीनं छाती भरून मेला, दमडीची भरपाई मिळाली नाही. आता यातलं मला सगळ्यात भारी काय वाटतं सांगतो: त्या ट्रेडेगरमध्ये कामगारांचा एक फंड होता, प्रत्येकाच्या पगारातनं थोडे थोडे पैसे कापायचे आणि त्यातनं सगळ्या गावाला डॉक्टर, औषध, दवाखाना. म्हणजे आपल्याकडची पतसंस्था समजा, पण कर्जाऐवजी औषधपाणी. हा आरोग्यमंत्री झाल्यावर तीच गोष्ट अख्ख्या देशाला लावली, ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा, सुरू. डॉक्टरांची संघटना आधी पार विरोधात, त्यांच्याशी वर्ष-दोन वर्षं घासाघीस केली. स्पेशालिस्ट लोकांना खाजगी प्रॅक्टिस चालू ठेवायची मुभा दिली तेव्हा कुठं जमलं, म्हणजे साधूबिधू नव्हता, सौदा कळत होता.
आणि मग १९५१ ला सरकारनं चष्मे आणि कवळ्यांना पैसे लावायचं ठरवलं तर गडी राजीनामा देऊन मोकळा. कवळीसाठी मंत्रिपद सोडलं! गेल्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं, बिल भरायला म्हैस आणि पाटल्या दोन्ही गेल्या, तेव्हापासून मला त्या कवळीचं हसू येत नाही.

हळदीचं_पोतं
आईंची तब्येत कशी आहे आता? बाकी वादाचं निवांत बोलू, तुमचं म्हणणं पोचलं. थॅचर माझी राहू दे तेवढी.

गिरणगाव_ते_खटाव
बरी आहे, काठी घेऊन फिरते आणि मलाच दम देते.

लोकल_शंका
ऋषी सुनक कसा कुणी घेतला नाही? आपल्याकडचा जावई की राव.

चारभिंती
जावई म्हणून आवडायला तो काय मांडवात बसलाय का.

पेन्सिलताई, तुमच्या आजोबांसाठी खास नाव देतो. जोसेफ ह्यूम. सातारकरांनी तरी हा विसरू नये. १८३९ ला इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरनं काढून काशीला पाठवलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदाएक वर्षं तिथंच ठाण मांडून बसले. विचार करा, ना आपलं माणूस, ना आपलं जेवण, तिथली थंडी, महाराज १८४७ ला काशीत वारले, ४८ ला डलहौसीनं राज्यच खालसा केलं, तरी हा माणूस अर्ज लिहितोय, पत्रकं छापतोय. पार्लमेंटात ज्यांनी साताऱ्याचा विषय लावून धरला त्यात हा ह्यूम. मूळ स्कॉटलंडचा, स्वतः कंपनीच्या नोकरीत सर्जन म्हणून हिंदुस्थानात राहिलेला, इथंच पैसा कमावून परत गेलेला, म्हणजे धुतल्या तांदळाचा नाहीच. पण पार्लमेंटात सरकारी खर्चाची ओळ न् ओळ तपासायचा, मंत्री वैतागायचे. कामगारांना संघटना करायला बंदी होती ती १८२४ ला उठवण्यात पण त्याचा हात. (खटाववाले, हे तुमच्यासाठी.)
साताऱ्याची केस हरलीच. ह्यूमला त्यातनं एक मत मिळणार नव्हतं, साताऱ्यातलं कोण जाणार होतं स्कॉटलंडला मतदानाला? म्हणून मला आवडतो. आणि गंमत म्हणजे १८८५ ला मुंबईत काँग्रेस काढली तो ॲलन ह्यूम याचाच पोरगा.
अजिंक्यताऱ्याच्या बाजूला चारभिंतीला आपण वडापाव खात सूर्यास्ताचे फोटो काढतो, ते स्मारक रंगो बापूजी आणि ५७ च्या लोकांचं आहे, एवढं तरी लक्षात ठेवा.

टेंभूचा_पाव्हणा
चारभिंती, भारी लिहिलंत. माझा त्याच माळेतला, चार्ल्स ब्रॅडलॉ. १८८० ला नॉर्दॅम्प्टनमधून निवडून आला, पण देव मानत नव्हता, म्हणाला देवाची शपथ घेण्याऐवजी मी नुसतं वचन देतो. नाही म्हणाले. बरं मग शपथ घेतो, तर म्हणे तू नास्तिक, तुझी शपथ खोटी, ती पण चालणार नाही! बाहेर काढला, एक रात्र पार्लमेंटच्याच घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडला, पण गावानं पुन्हा पुन्हा त्यालाच निवडून दिला, शेवटी १८८६ ला जागेवर बसला आणि १८८८ ला कायदाच बदलून घेतला. आज आपले खासदार 'ईश्वरसाक्ष' किंवा 'गांभीर्यपूर्वक' यातलं एक निवडतात ना, ती सोय कुणीतरी आधी कुठंतरी भांडून मिळवलेली असते.
१८८९ च्या मुंबईच्या काँग्रेसला हा स्वतः आला होता, तिकडं याला 'हिंदुस्थानचा खासदार' म्हणायचे. वारला तेव्हा लंडनला शिकणारे गांधीजी अंत्ययात्रेला गेले होते. आगरकर आमच्या टेंभूचे आणि दाभोलकर साताऱ्याचे, तेव्हा हा माणूस या जिल्ह्यात तरी उपरा वाटायला नको.
आणि पेन्सिल, तुमच्या ॲटलीबद्दल एक खडा टाकतो, रागावू नका. 'सायमन परत जा' म्हणून काळे झेंडे दाखवले ना, त्या कमिशनमध्ये ॲटली पण होता. फाळणीची रेषा पाच आठवड्यांत उरकली ती पण त्याच्याच सरकारच्या काळात.

सातारची_पेन्सिल
सायमनचं माहीत होतं हो, मुद्दाम लिहिलं नव्हतं 😅 पण मला वाटतं त्यामुळंच त्याला इथला गुंता बाकीच्यांपेक्षा जास्त कळला असेल. फाळणीबद्दल माझ्याकडं उत्तर नाही.

सगळं आजोबांना वाचून दाखवलं. थॅचरला "हं" म्हणाले. बेव्हनला दोनदा वाचायला लावलं, कवळीपाशी स्वतःची कवळी काढून दाखवली आणि किती पैसे पडले ते पण सांगितलं. ॲटलीबद्दल मत जसंच्या तसं आहे, उलट सायमनचं कळल्यावर कप पुन्हा खाली ठेवला. पण ह्यूमचं ऐकून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले रंगो बापूजी तिथं चौदा वर्षं खात काय होते गं? कुणाला माहीत असेल तर सांगा, रोज विचारतायत.