वेर्दिक्कियो एकदा घेऊन बघा
इटलीची व्हाइट वाईन म्हणजे पिनो ग्रिजो, एवढ्यावरच थांबू नका, असं मनापासून सांगावंसं वाटतं. तिथल्याच मार्के प्रांतातली वेर्दिक्कियो ही व्हाइट वाईन घ्या. नावातलं 'वेर्दे' म्हणजे इटालियनमध्ये हिरवा. ग्लास उजेडात धरला की पिवळसर रंगात ती हिरवी झाक दिसते. आधी लिंबासारखा आंबटपणा, आणि घोट गिळल्यावर जिभेवर रेंगाळणारा कडू बदाम. मला तोच फार आवडतो. मार्केतल्या दोन गावांच्या नावाने ती मिळते: येझीची समुद्राकडची, आणि मातेलिकाची आतल्या डोंगरातली, जरा जास्त धारदार. सोबत आंकोनाचा ब्रोदेत्तो, म्हणजे बऱ्याच जातींच्या माशांचं कालवण, किंवा आस्कोलीचे खिम्याचं सारण भरून तळलेले हिरवे ऑलिव्ह. तळणीचा तेलकटपणा एका घोटात जातो. फक्त बर्फासारखी गार करू नका, बदाम हरवतो. 10-12 अंश पुरे.