6 आकडी पिनचं कुलूप: भाच्याने स्कोप लावून पिन काढला, फर्मवेअरमध्ये नक्की काय बदलू?

कुलूपवाला_भोसरी

भोसरीला माझं छोटं वर्कशॉप आहे. सराफांच्या पैशाच्या गल्ल्यांना आणि लॉजच्या कपाटांना लागणारी इलेक्ट्रॉनिक कुलपं बनवतो. मी डिप्लोमावाला आहे. कोड माझा मीच लिहिलाय, त्यामुळे शिव्या थेट मला घाला.

आत एटीमेगा328पी हा मायक्रोकंट्रोलर, 16 मेगाहर्ट्झ. पिन 6 आकडी, ईईप्रॉममध्ये (बॅटरी काढली तरी न पुसणारी चिपची मेमरी) ठेवलेला. कीपॅड आणि 9 व्होल्टची बॅटरी दाराबाहेर, बाकी बोर्ड दाराच्या आत. बॅटरी बाहेर ठेवली कारण आत ठेवली आणि संपली, तर गिऱ्हाईक मला रात्री अकराला फोन करतं.

दिवाळीत भाचा आला होता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाला, "मामा, तुझं कुलूप न फोडता उघडून दाखवू?" बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीत 10 ओहमचा रेझिस्टर लावला, त्यावर कॉलेजच्या ऑसिलोस्कोपचा प्रोब, म्हणजे करंट कसा हलतो ते पडद्यावर दिसतं. बोर्डाला हातही लावला नाही. दीड तासात, 41 व्या प्रयत्नाला कुलूप उघडलं. आमची हिने त्याला वरून चकलीची ताटली दिली!

त्याने काय केलं ते सांगतो. # दाबलं की मी कीपॅडचा बॅकलाइट बंद करतो, तिथे करंट धाडकन खाली येतो. पिन चुकला की लाल एलईडी लागतो, तिथे वर जातो. या दोन कडांमध्ये तपासणी. माझा लूप एकेक आकडा ईईप्रॉममधून वाचतो, जुळवतो, आणि पहिला चुकीचा आकडा आला की तिथूनच बाहेर पडतो. म्हणजे पहिला आकडा बरोबर असेल तर लाल एलईडी साधारण 2 मायक्रोसेकंद उशिरा लागतो. 10 लाख पिनांऐवजी त्याला जास्तीत जास्त 60 तपासावे लागले.

तुम्ही म्हणाल, 5 चुकांनंतर लॉक होत नाही का? होतं. पण मी आधी लाल दिवा आणि अर्धा सेकंद बीप देतो, मग चुकांचा आकडा ईईप्रॉममध्ये लिहितो. पोरगा बीप वाजताच हाताने बॅटरी उपटत होता. आकडा कधी लिहिलाच गेला नाही.

माझ्या डोक्यात तीन उपाय आहेत: तपासणीआधी रँडम डिले, बोर्डावर 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, किंवा पिनऐवजी त्याचा हॅश (पिनवरून काढलेला, थेट उलटा न फिरवता येणारा आकडा) ठेवणे. बोर्ड बदलणं परवडणार नाही. यातलं काय करू?

डाख_आणि_रेझिन

रँडम डिले टाका, 0 ते 10 मिलिसेकंद. 2 मायक्रोसेकंदांचा फरक त्यात बुडून जाईल. पाच मिनिटांचं काम.

माजी_कार्डवाला

वरच्या भाऊंचं अर्धं बरोबर आहे. हल्लेखोराकडे फक्त स्टॉपवॉच असेल तर फरक खरंच बुडेल. पण त्याच्याकडे करंटचा आलेख आहे. डिलेचा लूप आलेखात एकसुरी दिसतो, कीर्तनात टाळ चालू असावा तसा. तो कुठे संपला आणि ईईप्रॉम वाचन कुठे सुरू झालं हे ओळखता आलं, की मधला भाग कापून टाकायचा. डिले ठेवा, पण भरवसा त्यावर नको.

मी बरीच वर्षं स्मार्ट कार्डांच्या फर्मवेअरमध्ये काढली. तुमच्या कुलपाची खरी चूक तुलनेत नाही, क्रमात आहे. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायचे: आधी पैसे कापा, मग माल दाखवा. एक प्रयत्न आधी खर्ची टाकायचा, तो खरंच लिहिला गेला का हे परत वाचून बघायचं, आणि त्यानंतरच गुपिताला हात लावायचा. पिन बरोबर निघाला तर काउंटर परत भरायचा. मग पोराने बॅटरी कधीही उपटू दे, प्रयत्न गेलेला असतो. कपॅसिटर, मास्किंग (गुपित तुकड्यांत लपवणं), हॅश यांचं सगळं मोल यावर ठरतं, कारण करंट मोजणाऱ्याला आलेखांच्या नोंदी लागतात. 5 नोंदींत आणि 5000 नोंदींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

तुमच्या चिपमध्ये हे स्वस्तात जमतं. ईईप्रॉमचा पुसलेला बाइट म्हणजे सगळे बिट 1. एटीमेगा328पी मध्ये फक्त लिहिणे आणि फक्त पुसणे असे वेगळे मोड आहेत, प्रत्येकी 1.8 मिलिसेकंदांचे, दोन्ही एकत्र केलं तर 3.4. तेव्हा प्रत्येक प्रयत्नाला एक बिट 0 करा, पाच बिट संपले की कुलूप बंद. पिन बरोबर आला तरच बाइट पुसा. झिजेची काळजी असेल तर हिशोब करा: दिवसाला 20 वेळा उघडलं तर वर्षाला 7,300, आणि सेलची हमी 1,00,000 वेळांची. साडेतेरा वर्षं झाली. तोवर तुमचं बटणांचं रबर टिकणार नाही.

कपॅसिटर लावा, पण वेगळ्या कारणासाठी. तो आलेख पुसट करेल, एलईडीची कड लपवणार नाही. मात्र बॅटरी उपटल्यावर लिखाण पूर्ण करायला उपयोगी पडेल. 10 मिलिअँपिअर धरले तर 3.4 मिलिसेकंदांना 34 मायक्रोकूलोम लागतात. 5 व्होल्टवरून 2.7 पर्यंत उतरायला मुभा असेल तर 15 मायक्रोफॅरड पुरे. 100 लावा आणि बॅटरीकडून येणाऱ्या वाटेवर डायोड टाका, म्हणजे बाहेरून शॉर्ट करून कोणी तो रिकामा करणार नाही. ब्राउनआउट डिटेक्टर (व्होल्टेज फार उतरलं की चिप थांबवणारा) 2.7 व्होल्टवर चालू आहे ना, तेही बघा.

आता तुलना. सहाही आकडे शेवटपर्यंत जुळवायचे, प्रत्येक जोडीचा फरक (एक्सऑर) एका बाइटमध्ये जमा (ऑर) करत जायचा, निकाल शेवटी एकदाच. व्हेरिएबल व्होलाटाइल ठेवा, म्हणजे कंपायलर ते गाळणार नाही, आणि त्याने काय केलंय ते डिसअसेंब्लीत (तयार झालेल्या मशीन कोडात) डोळ्यांनी बघा. कंपायलर हुशार असतो, पण आपल्या हेतूशी त्याला काही देणंघेणं नसतं. निकालासाठी 0 आणि 1 वापरू नका. 0x5ए आणि 0xए5 घ्या, दोन्हींत चार-चार बिट 1 आहेत. आणि दोनदा तपासा, नाहीतर उद्या तोच भाचा व्होल्टेजला झटका देऊन एक जंप चुकवेल.

एक विचारतो: तुमच्या सेटअपमध्ये पिनचं काय होतं? बॅटरी लावल्यापासून # दाबेपर्यंत कोड पिनला कुठे शिवतो का?

कुलूपवाला_भोसरी

शिवतो. 😬

बॅटरी लावल्यावर ईईप्रॉम खराब तर झालं नाही ना, हे बघायला मी सहाही आकडे वाचून चेकसम (पडताळणीची बेरीज) काढतो. जुळला नाही तर एरर बीप देतो. त्यात तुलना नाही, एलईडीही नाही. त्याने काय बिघडतं?

माजी_कार्डवाला

त्यानेच सगळं बिघडतं. बॅटरी शंभरदा काढा-घाला, तुमची चिप शंभरदा पिन वाचून दाखवते, आणि एकही प्रयत्न खर्ची पडत नाही.

चिपच्या आतल्या तारांवर (बसवर) बाइट आला की त्यात 1 असलेले बिट किती, त्यानुसार करंट किंचित हलतो. दहा आकड्यांचे बिट मोजा. 0 मध्ये एकही नाही. 1, 2, 4, 8 मध्ये एक. 3, 5, 6, 9 मध्ये दोन. 7 मध्ये तीन. आस्की (अक्षरांचे कोड) म्हणून ठेवले तरी प्रत्येकाला दोन बिट सारखेच वाढतात, गट तेच राहतात. तेव्हा चेकसमच्या आलेखावरून प्रत्येक आकड्याचा गट कळला, तर वाईटात वाईट 4 चा सहावा घात, म्हणजे 4,096 पिन उरले. आणि गिऱ्हाइकाने 707070 ठेवला असेल तर एकच. एका नोंदीत हे दिसेल असं नाही, गोंगाट असतोच. पण शंभर नोंदींची सरासरी घेतली की गोंगाट दहापट कमी होतो.

तुमच्यासारखं कुलूप जगात आधीच उघडलं गेलंय. 2016 मध्ये डेफकॉन या हॅकर परिषदेत प्लोर या टोपणनावाच्या माणसाने सार्जंट अँड ग्रीनलीफचं 6120 हे तिजोरीचं कुलूप असंच वाचून दाखवलं. तिथेही कीपॅड आणि बॅटरी बाहेर. चुकीचा पिन टाकला की कुलूप साठवलेले पिन ईईप्रॉममधून वाचायचं, आणि वाचताना बिट 1 की 0 ते करंटमध्ये दिसायचं. त्याच कंपनीचं दुसरं मॉडेल त्याने वेळ मोजून उघडलं. मूळ विद्या त्याहून जुनी: कोचर, जाफे आणि जुन यांचा करंट मोजून किल्ली काढण्यावरचा निबंध 1999 चा आहे.

व्हेरिलॉग_वहिनी

हॅशबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते.

मी एफपीजीए (हवी तशी आतून जोडता येणारी चिप) आणि चिपच्या बाजूची. आमच्याकडे चिपचं डीबग (आतली तपासणी) उघडायचे टोकन, म्हणजे लांबलचक पासवर्ड, असतात, तिथेही हाच प्रश्न. लोकांना वाटतं की 128 बिट एकाच क्लॉकमध्ये जुळवले की झालं, वेळेचा फरक नाही. पण तुलनेच्या गेटांतले किती बिट पलटले हे करंट सांगतोच. ओपनटायटन या खुल्या चिपमध्ये आलेलं टोकन आधी केमॅक या हॅश काढणाऱ्या ब्लॉकमधून जातं आणि साठवलेल्या हॅशशी जुळवलं जातं. एक बिट बरोबर आला म्हणून हॅश जवळ सरकत नाही, त्यामुळे पायरी-पायरीने वर चढता येत नाही.

पण हे टोकन 128 बिटचं असतं, दादा. तुमचा पिन 10 लाखांतला एक आहे. हॅश बाहेर गेला तर लॅपटॉप सगळे 10 लाख चहा उकळायच्या आत करून बघेल. हॅशचे पूर्ण बाइटही लागत नाहीत, प्रत्येक बाइटचे बिट किती एवढं कळलं तरी उमेदवार गाळता येतात. म्हणून हॅशमध्ये प्रत्येक कुलपाची वेगळी 16 बाइटची गुप्त किल्ली मिसळा. नुसतं उघडं सॉल्ट (हॅशमध्ये मिसळलेला, पण गुप्त नसलेला आकडा) इथे कामाचं नाही. तुमचा चेकसमही मग हॅशवर घ्या, आणि तोही प्रयत्न कापल्यानंतरच.

माजी_कार्डवाला

वहिनींशी सहमत. त्यांनी सांगितलेली किल्ली मात्र चिप दर वेळी वापरणार, म्हणजे तीही करंटमध्ये गळणार. पण दर प्रयत्नाला एकदाच, आणि प्रयत्न पाच. तिथे आपण जिंकतो.

मास्किंगच्या नादी सध्या लागू नका. पिनचे दोन तुकडे करून ठेवले आणि तुमच्या चिपने एकाच रजिस्टरात आधी एक, मग दुसरा ठेवला, तर दोघांतल्या फरकाचे बिट करंटमध्ये येतात, आणि तो फरक म्हणजेच पिन. मी हे स्वतः केलंय. तीन आठवडे अभिमानाने मिरवलं, मग शेजारच्या टेबलावरच्या मुलीने एका दुपारी काढून दिलं.

बदल केल्यावर मोजा. पहिला आकडा बरोबर असलेले 200 आलेख, चुकीचा असलेले 200, प्रत्येक क्षणाला टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीत खरा फरक आहे का ते बघणारी चाचणी). आकडा 4.5 च्या वर गेला तर गळतंय असं समजायचं. मोजताना प्रयत्नांचा काउंटर बंद असलेलं वेगळं फर्मवेअर लागेल. ते चुकून गिऱ्हाइकाला पाठवू नका.

कुलूपवाला_भोसरी

अडीच आठवड्यांनी येतोय, माफ करा, लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या.

काउंटर आधी, बिटबिटाने. चेकसम सेटअपमधून काढला. पिनच्या जागी किल्लीवाला हॅश. 100 मायक्रोफॅरड आणि डायोड जुन्याच बोर्डावर बसले, एक ट्रॅक कापून. बॅकलाइट आता # वर बंद होत नाही, लाल-हिरवा निकालही ठरावीक 300 मिलिसेकंदांनीच येतो. भाच्याने कॉलेजमधून 200-200 आलेख घेतले. पहिल्या फेरीत एका ठिकाणी 11 आला. शोधलं तर निकालाच्या इफमध्ये, पिन बरोबर असताना मी मोटर चालवणारा चिपचा पाय आधीच आउटपुट करून ठेवत होतो. ते शेवटी नेलं. आता सगळीकडे 4 च्या खाली आहे. भाचा म्हणतो 200 आलेख कमी आहेत, परीक्षा झाल्यावर 5000 घेतो.

उरलं ते जुन्या मालाचं. 212 कुलपं बाहेर आहेत, त्यातली दीडशे तरी पुण्यात आणि नगर रस्त्याला. फर्मवेअर बदलायचं तर दार उघडून बोर्डाला प्रोग्रॅमर लावावा लागतो. डायोड-कपॅसिटर तिथे उभ्या उभ्या बसणार नाही, नुसता क्रम बदलून हॅश टाकता येईल. सराफांपासून सुरुवात करतोय, लॉजवाल्यांना जानेवारीत. गिऱ्हाइकाला काय सांगायचं हे ठरलेलं नाही. "सर्व्हिसिंग" म्हणालो तर खोटं, खरं सांगितलं तर उद्या प्रत्येक जण 10 ओहमचा रेझिस्टर विकत घेईल. पहिल्या सराफाला मी खरंच सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, आणि विचारलं की भाचा सध्या कुठे असतो.